ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे कॉम्प्युटर बंद पडतोय? आधी नोंद वाचा, मग ड्रायव्हरला हात लावा

गेम ऐन रंगात आलेला असतो किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असतं, आणि स्क्रीन काळी होते. कधी क्षणभरात परत येते, तर कधी निळी स्क्रीन दाखवून कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. अशा वेळी बहुतेक जण तडक नवा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायला धावतात. जरा थांबा. दोष ड्रायव्हरचा आहे की नाही, याचा माग विंडोजने बहुतेक वेळा ठेवलेला असतो.

घडतं ते असं. ग्राफिक्स कार्डाला दिलेलं काम साधारण २ सेकंदांत पुढे सरकलं नाही, तर कार्ड अडकलं असं धरून विंडोज त्याला आणि ड्रायव्हरला रीसेट करतं. व्हिस्टापासून ही सोय आहे. तिला 'टीडीआर' म्हणतात. रीसेट जमला तर स्क्रीन लुकलुकून पूर्ववत होते. नाही जमला तर निळ्या स्क्रीनवर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं येतं.

नोंद शोधा

स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधून उघडा. 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम'वर क्लिक करा आणि कॉम्प्युटर अडकला त्या वेळेच्या आसपासच्या लाल-पिवळ्या खुणा बघा. सोर्स 'डिस्प्ले' आणि क्रमांक ४१०१ दिसला, तर ड्रायव्हर अडकून सावरला असा अर्थ. नोंदीत ड्रायव्हरच्या फाइलचं नाव असतं, त्यावरून कार्डही कळतं: एनव्हिडियाच्या फाइलचं नाव 'एनव्ही'ने सुरू होतं, एएमडीच्या 'एएमडी' किंवा 'एटीआय'ने, इंटेलच्या 'आयजीडी'ने.

फक्त 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद असेल, तर ड्रायव्हरवर लगेच आळ घेऊ नका. कॉम्प्युटर रीतसर शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती सांगते. घरची वीज क्षणभर गेली तरी ती पडते. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' (निळ्या स्क्रीनमागच्या बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल, तर आधी पॉवर सप्लायकडे बघा.

सोपे उपाय आधी

स्क्रीन गोठली की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कित्येकदा सेव्ह न केलेलं काम वाचतं.

त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खालच्या कार्डावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'ड्रायव्हर' टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. बटण फिकं असेल, तर परत जायला जुना ड्रायव्हर उरलेला नाही.

साफ करून पुन्हा टाकणं

क्रम इथे महत्त्वाचा. हवा तो ड्रायव्हर आधीच कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा. लॅपटॉप असेल तर पहिल्यांदा लॅपटॉपच्या कंपनीचा बघा. सगळ्यात नवीन आवृत्तीचा हट्ट नको. ज्या आवृत्तीवर मशीन सुरळीत चालत होतं, तीच घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाताना ती मागितली जाऊ शकते. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर', म्हणजे डीडीयू, हे जुना ड्रायव्हर पुसून काढणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही उतरवा.

आता इंटरनेट बंद करा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. शिफ्ट दाबून धरत रिस्टार्ट करा. 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' असं जात पुन्हा रिस्टार्ट करा आणि सेफ मोडसाठी ४ दाबा. डीडीयूमध्ये कार्डाची कंपनी निवडून 'क्लीन अँड रिस्टार्ट' करा. नेहमीचं विंडोज सुरू झालं की ड्रायव्हर टाका, आणि मगच इंटरनेट जोडा.

एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देणारी सॉफ्टवेअर्स मी तरी कुणाला सुचवणार नाही. भलताच ड्रायव्हर गळ्यात मारतात. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) टीडीआरची २ सेकंदांची मर्यादा वाढवण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. लांबलचक रेंडरिंगला त्याचा उपयोग आहे, पण गेममध्ये अडकणारं कार्ड त्याने सुधारत नाही. अडकण्याचा वेळ वाढतो, इतकंच.

तरीही अडकतोय?

दोन-तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांवर तोच प्रकार होत असेल, तर ड्रायव्हर बदलणं थांबवा. कार्डाचं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, काढा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू असेल तर तेही काही दिवस बंद ठेवून बघा. रॅमची गडबड पुष्कळदा ग्राफिक्सच्या नावावर खपते. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. 'टास्क मॅनेजर'च्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये वेगळ्या कार्डाचं तापमान दिसतं, ते गेम चालू असताना बघा. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून पंख्यातली धूळ झाडा आणि कार्डाची पॉवर केबल नीट बसली आहे ना तपासा.

दुकानात न्यायची वेळ आली, तर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदींचे फोटो सोबत न्या. कोणकोणत्या आवृत्त्या टाकून पाहिल्या तेही लिहून द्या. नाहीतर 'फॉरमॅट मारावा लागेल' हे उत्तर ठरलेलं, आणि बिघाड कार्डात असला तर फॉरमॅटनंतरही तो तिथेच असेल.