खानापूरचे मडके तैलरंगात रंगवताना
बेळगावात पहिले वस्तुचित्र समोर पाहून रंगवायचे असेल, तर खानापूरचे मातीचे मडके आणि दोन लिंबे एवढेच मांडावे. उत्तरेच्या खिडकीतला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून मांडणी तिथेच करावी. डोळे किलकिले करून आधी उजेड आणि सावली असे दोनच भाग पाहावेत व टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने ते कॅनव्हासवर उतरवावेत. मडक्याची सावली काळी नसते. लिंबाच्या बाजूला तिच्यात पिवळसर झाक उमटलेली असते, आणि ती दिसू लागली की रंगवण्याचा खरा आनंद सुरू होतो, असे मला मनापासून वाटते. पुढच्या थरांत जवसाचे तेल वाढवत न्यावे, अन्यथा वरचा रंग तडकतो. इथल्या पावसाळ्यात थर वाळायला अधिक दिवस द्यावेत.