सिंथेटिक इंजिन ऑइल: किंमत कशाची आणि झिजेपासून संरक्षण किती, हे कसं तपासावं

एकाच ग्रेडचे दोन डबे, दोन्हींवर ‘फुल सिंथेटिक’, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. अशा वेळी आपण महाग तेच चांगलं मानतो, नाहीतर मेकॅनिक देईल ते घेतो. डबा नीट वाचला तर अंदाजपंचे पैसे टाकावे लागत नाहीत.

१. आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. ग्रेड (५डब्ल्यू-३० वगैरे) आणि मानक (अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचं एपीआय एसपी, युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेचं एसिआ सी३ किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा नंबर) दोन्ही टिपून घ्या. नुसत्या ग्रेडवरून ऑइल किती पातळ, किती घट्ट एवढंच कळतं.

२. ‘सिंथेटिक’ या शब्दाचे जादा पैसे मोजू नका. डब्यात बहुतांश बेस ऑइल, म्हणजे रसायनं मिसळण्याआधीचं मूळ तेल असतं आणि किंमतीतला मोठा फरक तिथूनच येतो. एपीआयने त्याचे पाच गट केले आहेत. तिसरा गट कच्च्या तेलापासूनच, हायड्रोजनच्या साहाय्याने मोठ्या दाबाखाली शुद्ध करून बनतो. चौथा म्हणजे पीएओ (पॉलीअल्फाओलेफिन). त्याचे रेणू कारखान्यात जुळवलेले, म्हणून तो महाग. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या ऑइल कंपन्यांत ‘सिंथेटिक’ या शब्दावरूनच वाद झाला. जाहिरातींची छाननी करणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला आणि तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणणं रूढ झालं. या गटाची ऑइलं कमी दर्जाची नाहीत, रोजच्या वापराला ती उत्तम चालतात. पीएओचा फायदा कडाक्याच्या थंडीत जास्त जाणवतो.

३. ‘अप्रूव्हड’ आणि ‘मीट्स’ यांत फरक करा. पहिल्याचा अर्थ गाडीच्या कंपनीने ऑइल तपासून मंजुरी दिली आहे. दुसरा हा ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा. मंजुरीसाठी कराव्या लागणाऱ्या इंजिन चाचण्या खर्चिक असतात आणि तो खर्च किंमतीत उतरतो. माझ्या मते जादा पैसे द्यायचेच तर यासाठी द्यावेत.

४. झिजेच्या चाचणीचा आकडा दाखवला, तर चाचणी कोणती ते विचारा. जाहिरातीत बऱ्याचदा फोर-बॉल चाचणी असते. १२.७ मिलिमीटरच्या तीन पोलादी गोळ्या ऑइलमध्ये घट्ट बसवतात आणि चौथी त्यांच्यावर दाबून फिरवतात. एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या डी४१७२ पद्धतीत ७५ अंश सेल्सिअसला, मिनिटाला १२०० फेऱ्यांनी, ६० मिनिटं. मग खालच्या गोळ्यांवर पडलेला गोल चट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. चट्टा लहान तर ऑइल चांगलं, असं सांगितलं जातं. पण इंजिनात गोळीवर गोळी घासत नाही. तिथे काजळी असते, इंधन मिसळतं, थंड-गरम चक्रं चालतात. ऑइलमध्ये वरून घालायची क्लोरीनयुक्त मिश्रणं अशा यंत्रांवर झकास दिसतात आणि इंजिनातल्या धातूला गंजवू शकतात. म्हणून खरा भरवसा प्रत्यक्ष इंजिनावरच्या चाचणीचा. सीक्वेन्स ४बी या चाचणीत टोयोटाचं दीड लिटरचं इंजिन २०० तास चालवून व्हॉल्व्ह ट्रेनची (व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या भागांची) झीज मोजतात; सीक्वेन्स एक्स मध्ये फोर्डच्या इंजिनाच्या टायमिंग चेनची. २०२० पासून लागू झालेल्या एपीआय एसपीमध्ये या दोन्ही आहेत.

५. डेटा शीटवर (ऑइल कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकावर) दोन आकडे बघा. एचटीएचएस म्हणजे १५० अंशाला, जोराच्या घुसळणीत टिकणारा घट्टपणा. ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतो, एसिआ सी३ ला ३.५. दुसरा नोॲक: २५० अंशाला तासाभरात किती ऑइल उडून जातं ते. पेट्रोल गाड्यांच्या ऑइलसाठीच्या आयएलसॅक जीएफ-६ या मानकाची मर्यादा १५ टक्के आहे. आकडा कमी असेल तितकं बरं.

६. किंमत लिटरने नको, किलोमीटरने काढा. भरलेल्या ऑइलची आणि मधल्या टॉप-अपची किंमत, भागिले दोन बदलांमधलं अंतर. मॅन्युअलमधलं अंतर मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नका.

७. शंका उरली तर वापरलेलं ऑइल प्रयोगशाळेत द्या. इंजिन गरम असताना ऑइल काढायचा तळाचा नट काढा, पहिली धार जाऊ द्या, मधली धार स्वच्छ कोरड्या बाटलीत धरा. अहवालात लोखंड, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग) ते येतं. एका अहवालावर निष्कर्ष काढू नका. दोन-तीन बदलांचे आकडे शेजारी ठेवा. लोखंडाबरोबर सिलिकॉनही चढत असेल, तर बहुधा धूळ आत जाते आहे. अशा वेळी आधी एअर फिल्टर आणि त्याचं झाकण नीट बसलंय का ते बघा. ती झीज कितीही महाग ऑइलने थांबत नाही.