निशिगंधाचे जुने गड्डे काढायची वेळ झालीय, पण काढले तसे परत लावू नका

थंडी ओसरली की निशिगंधाची पात शेंड्याकडून पिवळी पडायला लागते. ज्यांच्या प्लॉटला तीन वर्षं होऊन गेलीत त्यांनी आता अजून एक खोडवा (जुन्याच कंदांवर पुढचं पीक) धरायचा विचार सोडून द्यावा, माझं तरी हे स्पष्ट मत आहे. पात भरघोस दिसते, खतपाणी चालू असतं, पण दांडे आखूड, बारीक आणि कळ्या कमी, मग फूलबाजारात भाव कुठून मिळणार? कारण साधं आहे, निशिगंधाचा जो कंद एकदा फुलला तो परत फुलत नाही, पुढची फुलं येतात ती त्याच्या बाजूला सुटलेल्या पिल्लांना, आणि तीन वर्षांत ही पिल्लं एकमेकांना इतकी चिकटतात की कुणालाच नीट पोसायला जागा राहत नाही. त्यामुळं अख्खा गड्डा उचलून दुसऱ्या वाफ्यात लावला तर नुसती जागा बदलते, गर्दी तीच राहते.

आधी पाणी तोडा. पात बऱ्यापैकी वाळू द्या, मग जमिनीलगत कापा आणि गड्ड्यापासून वीतभर लांबून कुदळ घाला, जवळून घातली की कंद चिरतात आणि चिरलेला कंद हमखास सडतो. आपल्या काळ्या जमिनीत ढेकूळ फार कडक झालं असेल तर दोन-तीन दिवस आधी हलकं पाणी देऊन वाफसा (माती ओलसर पण भुसभुशीत) आल्यावर काढा. माती झटकून गड्डा हातानंच फोडा, पिल्लं बोटांनी सुटतात, विळा-चाकू लागत नाही.

आता खरं काम निवडीचं, इथं घाई करू नका. गड्डा उलटा करून बुडखा बघा. पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर ती खोडकुज, तो गड्डा बाजूला काढून जाळायचा, बांधावर फेकायचा नाही. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक किडे) आहे, तेही कंद घेऊ नका आणि त्या वाफ्यात यंदा निशिगंध नकोच, झेंडू घ्या. मधला जुना, पोकळ झालेला, दांडा येऊन गेलेला कंद पण टाकून द्या, मन होत नाही पण टाका. राहिलेल्यातून दीड ते तीन सेंमी जाडीचे, टणक, टोकदार शेंड्याचे लागणीला आणि त्याहून बारीक वेगळे. सिंगल (एकेरी पाकळ्यांचा) आणि डबल (भरगच्च पाकळ्यांचा) एकत्र होऊ देऊ नका, पोत्यावर नाव लिहूनच ठेवा, कारण सुट्ट्या फुलांना सिंगल आणि दांड्यांना डबल असं गिऱ्हाईक वेगळं असतं.

निवडलेले कंद उन्हात अजिबात वाळवू नका. कांद्याची चाळ मोकळी असेल तर त्याच्याएवढी चांगली जागा नाही, सावली आणि वारा दोन्ही मिळतं. पातळ थर द्या, चार-पाच दिवसांनी हलवत राहा, महिनाभर विश्रांती मिळाली की कोंब एकसारखे फुटतात.

लागण एप्रिल-मेमध्ये करा. एप्रिलच्या मध्याला लावलं की साधारण तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे सुरू होतात म्हणजे गणपतीचा सिझन हाताशी येतो. कंद कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या लिटरला २ ग्रॅम या द्रावणात १५-२० मिनिटं बुडवून सावलीत निथळून घ्या, हातात ग्लोव्हज घाला. अंतर ३० बाय २० सेंमी, एकरी ६० ते ६५ हजार कंद बसतात, खोली ५ ते ७ सेंमी आणि कंदाचा शेंडा वरच्या दिशेलाच राहिला पाहिजे, हे मजुरांना स्वतः उभं राहून दाखवा. शेणखत चांगलं कुजलेलंच, एकरी १५ ते २० टन, त्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून टाकलं तर खोडकुजीला बराच आळा बसतो. पावसाचं पाणी साचणारी जमीन असेल तर सपाट वाफे नकोत, सरी-वरंब्यावर घ्या. कोंब वर येईपर्यंत नुसती ओल टिकेल एवढंच पाणी द्या, ड्रिप जास्त वेळ चालू राहिलं की कंद जमिनीतच कुजतात.

आणि ते बारीक कंद फेकू नका, पहिल्या वर्षी त्यांना दांडा येत नाही एवढंच. कोपऱ्यात एखादा वाफा करून दाट लावा, पुढच्या वर्षी तेच लागणीला येतात आणि बाहेरून बियाणं विकत घ्यायचा खर्च वाचतो.