जुनं सामान, नवा डेस्कटॉप: खरेदीला निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी जुनं सामान एका जागी मांडा. माळ्यावरचा बंद संगणक, ड्रॉवरमधल्या रॅमच्या पट्ट्या, कुणीतरी ‘तुला लागेल कधीतरी’ म्हणून दिलेलं ग्राफिक कार्ड, सगळं. प्रत्येक वस्तूवरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि मॉडेल नंबर कागदावर उतरवा. आठवणीवर विसंबू नका. ‘आय फाइव्ह आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही; या नावाचे प्रोसेसर २००९ पासून येताहेत आणि पहिल्याचं बूड आजच्याच्या सॉकेटला, म्हणजे मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीला, लागतसुद्धा नाही. नावापुढचे चार-पाच अंक काय आहेत, ते लिहा.

जुनं मशीन अजून चालू होत असेल तर ते खोलायची घाई करू नका. चालू मशीन जे सांगतं ते सुटे भाग सांगत नाहीत. आतला डेटा दुसरीकडे काढून घ्या. हार्ड डिस्कची तब्येत दाखवणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. विंडोजचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे तेही बघून ठेवा: मशीनसोबत आलेला परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो, सुटा विकत घेतलेला मात्र नव्या मशीनवर नेता येतो. मग झाकण उघडा आणि एकही वायर ओढण्याआधी आतला फोटो घ्या.

आता यादीचे दोन भाग पाडा. मी त्यांना मुके आणि बोलके म्हणतो. कॅबिनेट, पंखे, कीबोर्ड, माउस, साटा वायरीने जोडायची डिस्क, मॉनिटर हे बहुतेक मुके. कुठल्याही संगणकात निमूट बसतात. रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्ड हे बोलके. यातला एक ठेवायचा म्हटलं की उरलेले दोन कसे असावेत हे तोच ठरवतो. पैसे वाचवायला म्हणून जुना भाग ठेवावा आणि त्याच्या हट्टापायी पुन्हा जुनंच सामान विकत आणावं, ही फसगत इथेच होते. म्हणून खरेदीआधी एकच गोष्ट पक्की करा: बोलक्यांपैकी कुणाचं ऐकायचं, की कुणाचंच नाही.

रॅमचं उदाहरण घ्या, कारण बहुतेकांचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या; डीडीआर३ च्या पट्टीला २४० पिना असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींना २८८, पण त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. समजा, तुमच्याकडे डीडीआर३ च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. त्या वापरायच्या तर बोर्ड त्या काळातला आणि प्रोसेसरही त्याच काळातला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या स्पर्धक एएमडीच्या रायझनची २००० मालिका यांच्यापासून पुढचेच प्रोसेसर आहेत. डीडीआर३ वाले जवळपास सगळे या रेषेच्या अलीकडे राहतात. लिनक्स चालवणार असाल तर हरकत नाही, रोजच्या कामाला ते मशीन अजून छान पळेल. विंडोजच हवं असेल तर त्या दोन पट्ट्यांवर माया करू नका.

डीडीआर४ असेल तर गोष्ट वेगळी. ती रॅम ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्यासोबत जाणारे बोर्ड आणि प्रोसेसर भरपूर आहेत. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसतात, आणि कमी खर्चात जुळवाजुळव करणाऱ्याला इतकी सोय क्वचितच मिळते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५. दोन्ही एकाच बोर्डावर शक्यतो नसतात, तेव्हा खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. एएमडीच्या पुढच्या एएम५ सॉकेटवर मात्र फक्त डीडीआर५ चालते. लॅपटॉपची आखूड पट्टी डेस्कटॉपला बसत नाही. सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्तात मिळते आणि घरगुती बोर्डावर चालत नाही, म्हणूनच ती स्वस्त असते.

प्रोसेसर आणि बोर्ड यांची जोडी जुळवताना नुसत्या सॉकेटच्या नावावर जाऊ नका. एलजीए ११५१ हे नाव सहाव्या-सातव्या पिढीलाही आहे आणि आठव्या-नवव्यालाही, पण पहिल्या जोडीचा बोर्ड दुसऱ्या जोडीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालवत नाही. एएम४ मध्ये अडचण वेगळी: बी४५० सारख्या बोर्डावर ५००० चा प्रोसेसर चालतो, पण बायोस, म्हणजे बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, नवं हवं. बायोस नवं करायला चालू मशीन हवं, आणि तुमच्याकडे जो प्रोसेसर आहे त्याला तर जुनं बायोस ओळखतच नाही. काही बोर्डांवर मागे एक बटण असतं, ज्याने प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस टाकता येतं. नसेल तर विकणाऱ्याकडूनच बायोस नवं करून घ्या. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. ती पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. वापरलेला बोर्ड घेताना सॉकेटचा फोटो मागा, तोही तिरप्या उजेडात काढलेला. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डाच्या बाजूला असतात आणि वाकलेली एक पिन सरळ वरून घेतलेल्या फोटोत लपून जाते.

याच वेळी चित्र कुठून येणार हेही ठरवा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ आहे त्यात ग्राफिक नसतं. एएम४ वरच्या रायझनमध्ये नावात ‘जी’ असलेल्यांतच ते असतं, बाकीच्यांना वेगळं कार्ड लागतं. जुनं कार्ड नव्या बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसतं, त्याची चिंता नको. पण २०१२ च्या आसपासची आणि त्याआधीची अनेक कार्डं नव्या पद्धतीच्या बायोसमध्ये काळा पडदा दाखवतात. सीएसएम नावाची, मशीन जुन्या पद्धतीने सुरू करणारी सोय चालू केली तर जागी होतात, आणि ती चालू केली की सिक्युअर बूट (फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सुरक्षा) सोडावं लागतं. मॉनिटरला फक्त व्हीजीए हे जुन्या पद्धतीचं कनेक्टर असेल तर नुसती वायर बदलून भागत नाही. एचडीएमआयमधून व्हीजीए काढायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तो आत्ताच यादीत लिहा.

एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, थोडा जास्त वेळ द्या. आख्ख्या यादीत ही एकच वस्तू अशी आहे जी जाताना दुसऱ्यांना घेऊन जाते. जुना एसएमपीएस हातात घ्या आणि मोठ्या अक्षरातल्या वॅटकडे न बघता १२ व्होल्टचा रकाना शोधा. समजा, वर ४५० वॅट छापलंय आणि १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर लिहिलंय. बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, तेव्हा तुमच्या कामाचे तेवढेच. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर जमा, जे तुम्ही फारसे वापरणारच नाही. स्टिकरवर हा रकानाच नसेल तर तो एसएमपीएस लगेच बाजूला काढा. असेल तर जाळीतून टॉर्च मारून आतले वीज साठवणारे कपॅसिटर बघा. डोकं सपाट असलेला ठीक, फुगलेला किंवा तपकिरी थर साचलेला बाद. झाकण मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून पंखा फिरतो का हे बघण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. तिने एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं, भार सोसतो का ते कळत नाही. माझं मत विचाराल तर वय माहीत नसलेला एसएमपीएस ठेवूच नये, बाकी कुठेही काटकसर करा.

नवा मॉड्युलर (सुट्या वायरींचा) एसएमपीएस घेतलात तर जुन्याच्या वायरी त्याच दिवशी वेगळ्या पिशवीत बांधा. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम मात्र प्रत्येक कंपनीचा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही वेगळा. माझी एक हार्ड डिस्क अशीच गेली. जुनी वायर लांबीला बरी वाटली, खटकन बसलीसुद्धा. बटण दाबलं आणि करपल्याचा वास आला. डिस्क उलटी केली तर खालच्या हिरव्या पट्टीवर मुगाएवढा काळा डाग. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले होते. दोन्ही वायरी काळ्या, दोन्हींना सहा पिना, बघून ओळखायला काही मार्गच नव्हता.

डिस्कचं थोडक्यात. तब्येत दाखवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरच्या यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. पहिलीत बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे साठ्याचे छोटे कप्पे) मोजलेले असतात, दुसरीत वाचता न येणारे. सी५ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर महत्त्वाचं काही ठेवू नका. चांगली निघालेली हार्ड डिस्कही फोटो-सिनेमांच्या साठ्यालाच लावा. विंडोज किंवा लिनक्ससाठी लहानशी का होईना एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्या. जुन्या प्रोसेसरचं मशीनसुद्धा एसएसडीने जितकं हलकं वाटतं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. एम.२ ची, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी एसएसडी घेताना स्लॉट साटाचा की त्याहून वेगवान एनव्हीएमईचा हे बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. आकार एकच, भाषा वेगळी.

कॅबिनेट मुकं म्हटलं खरं, पण मोठ्या कंपनीच्या तयार संगणकाचं असेल तर ते बोलायला लागतं. त्यातले बोर्ड, एसएमपीएस, अगदी पुढच्या बटणाचं कनेक्टरसुद्धा अनेकदा त्या कंपनीचं खास असतं, बाहेरच्याला दाद देत नाही. साधं कॅबिनेट असेल तर टेप घेऊन मोजा: एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंचीही मोजा. बोर्डाखालचे पितळी खांब नव्या बोर्डाच्या भोकांशी जुळवून घ्या. जिथे भोक नाही तिथला खांब काढलाच पाहिजे, नाहीतर तो बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करतो आणि तुम्ही मात्र रॅमवर संशय घेत बसता.

स्क्रूचा डबा ओता आणि दोन ढीग करा. जाड आट्यांचे ६-३२, बारीक आट्यांचे एम३. हार्ड डिस्क, एसएमपीएस आणि कॅबिनेटचं झाकण यांना जाड. अडीच इंची एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हला बारीक. दोन फेरे बोटांनी सहज फिरले नाहीत तर तो स्क्रू चुकीचा आहे. एम.२ चा इवलासा स्क्रू बोर्डासोबतच येतो, तो हरवला की डब्यात त्याला जोड सापडत नाही.

जुना कूलर ठेवणार असाल तर त्याची पकड तपासा. इंटेलच्या ११५० पासून १२०० पर्यंतच्या सॉकेटांची भोकं ७५ मिलिमीटरवर आहेत, १७०० ची ७८ वर. तीन मिलिमीटरसाठी वेगळी पट्टी लागते. एएम४ चा जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून प्रोसेसर आणि कूलर यांमधली पेस्ट कोमट करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे किंचित पिळत सोडवा. सरळ वर ओढलात तर वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावायला नवी पेस्ट. धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. बोर्ड जुनाच राहणार असेल तर त्यावरचा सीआर२०३२ सेल बदला.

सगळं जमलं की थेट कॅबिनेटमध्ये बसवू नका. बोर्डाच्या रिकाम्या खोक्यावर बोर्ड ठेवा. फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस आणि लागत असेल तर ग्राफिक कार्ड. बोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. चित्र आलं तर बंद करून दुसरी पट्टी लावा, चार स्लॉट असतील तर पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीत, बहुतेकदा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. मग मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवा. जुन्या रॅममध्ये सकाळी एक जरी चूक दिसली तरी पट्ट्या एकेक करून तपासा आणि दोषी पट्टी फेकून द्या. अशी पट्टी पुढे कधी फाइल बिघडवते, कधी मशीन अडकवते, आणि दोष विंडोजच्या माथी जातो.

शेवटी दोन पेन ड्राइव्ह. एकावर बूट होणारं विंडोज किंवा लिनक्स, दुसऱ्यावर बोर्डाच्या लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर. दोन्ही जुनं मशीन मोडण्याआधी तयार करा, कारण ताज्या विंडोजला कधी कधी लॅन ओळखता येत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला जे मशीन हवं असतं त्याचे तोवर सुटे भाग झालेले असतात.