एनव्हीएमई ड्राइव्हवर फाइल सिस्टीमच्या वेगाची तुलना कशी करावी

लिनक्सच्या संगणकात एनव्हीएमई ड्राइव्ह (पीसीआयई मार्गाने जोडलेली वेगवान एसएसडी) बसवली की त्यावर कोणती फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली साठवण्याची व्यवस्था, घ्यावी, ईएक्सटी४ ठेवावी, एक्सएफएस घ्यावी की बीटीआरएफएस, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे खरे उत्तर मोजूनच मिळते. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटांशी अडते, कारण जोडणीची मर्यादाच तेवढी असते, आणि सलग वाचताना फाइल सिस्टीममधला फरक तिच्याआड झाकला जातो. एनव्हीएमईवर हा अडसर निघाल्यामुळे जर्नल (बदलांची आगाऊ नोंद), लॉक (एका वेळी एकालाच वाट देणारे कुलूप) आणि चेकसम (डेटा बिघडला का ते तपासणारी बेरीज) यांचा खर्च आकड्यांत दिसू लागतो. परंतु त्यांच्या जोडीला रॅम, तापमान आणि ड्राइव्हच्या आतली कॅश यांचा परिणामही दिसतो, आणि तो वेगळा काढल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

चाचणीतला डेटा कायमचा पुसला जाणार असल्यामुळे रिकामी ड्राइव्ह घ्यावी. एकाच ड्राइव्हचे तेच पार्टिशन प्रत्येक फाइल सिस्टीमसाठी पुन्हा फॉरमॅट करावे आणि फॉरमॅटपूर्वी त्या पार्टिशनवर ब्लॉकडिस्कार्ड (blkdiscard, सगळे ब्लॉक मोकळे असल्याचे ड्राइव्हला कळवणारी आज्ञा) चालवावे, म्हणजे आधीच्या चाचणीचे ओझे पुढच्या फाइल सिस्टीमवर येत नाही. ईएक्सटी४ बाबत एक गोष्ट हमखास निसटते. फॉरमॅट करताना ती आयनोड तक्ते, म्हणजे प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारे तक्ते, पूर्ण लिहीत नाही. माउंट झाल्यावर कर्नलचा एक धागा ते काम मागे चालू ठेवतो. त्याच वेळी चाचणी सुरू केली, तर ईएक्सटी४ विनाकारण मंद ठरते. म्हणून फॉरमॅटच्या आज्ञेतच हा आळशी पर्याय बंद करावा.

मोजण्यासाठी एफआयओ (fio) हे वाचन-लेखनाचा वेग मोजणारे साधन वापरावे. लिनक्सच्या ब्लॉक लेयरचे मेंटेनर येन्स आक्सबो यांनी ते लिहिले असून त्यात प्रत्येक बाब स्वतः ठरवता येते. ‘डायरेक्ट’ पर्याय सुरू ठेवला नाही, तर वाचन पेज कॅशमधून, म्हणजे कर्नलने रॅममध्ये ठेवलेल्या प्रतीतून, होऊ शकते. समजा, ३२ जीबी रॅम असलेल्या संगणकावर ८ जीबीची फाइल दुसऱ्यांदा वाचली आणि सेकंदाला १० जीबी असा आकडा आला. ड्राइव्ह पीसीआयई ३ च्या चार लेनवर असेल, तर त्या मार्गाने सैद्धान्तिकदृष्ट्यासुद्धा ४ जीबीपेक्षा कमीच येऊ शकतात. म्हणजे तो आकडा रॅमचा झाला. कॅशसह मोजायचेच असेल, तर फाइल रॅमच्या दुप्पट ठेवावी.

दुसरा सापळा क्यू डेप्थचा, म्हणजे ड्राइव्हकडे एकाच वेळी किती विनंत्या प्रलंबित ठेवायच्या याचा. लिनक्सवर एफआयओचे मूळ इंजिन एका वेळी एकच विनंती पाठवते, त्यामुळे क्यू डेप्थ ३२ लिहिली तरी ती प्रत्यक्षात १ च राहते. म्हणून अनेक विनंत्या एकदम पाठवू शकणारे आयओ युरिंग (io_uring) किंवा लिबएआयओ (libaio) इंजिन स्पष्टपणे निवडावे.

सलग वाचन-लेखनासाठी १ मेगाबाइटचा ब्लॉक पुरे. तिथे फाइल सिस्टीममध्ये फारसा फरक पडत नाही. खरा कस ४ किलोबाइटच्या विस्कळीत लेखनात लागतो आणि माझ्या मते बहुतेक वेळ तिथेच द्यावा. चाचणीची फाइल आधी पूर्ण लिहून घ्यावी, कारण फक्त जागा राखून ठेवलेल्या फाइलवर पहिले लेखन वेगळ्या वाटेने होते. बीटीआरएफएस जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही, बदललेला ब्लॉक नव्या जागी ठेवते. म्हणून डेटाबेससारख्या फाइलचे हळूहळू तुकडे होत जातात आणि पहिल्या मिनिटाचा आकडा अर्ध्या तासानंतर टिकत नाही. जुन्या जागीच लिहायला लावणाऱ्या नोडेटाकाऊ (nodatacow) पर्यायाने हे टळते खरे, पण त्याबरोबर डेटाचे चेकसमही जातात, आणि ते गमावलेली बीटीआरएफएस इतरांशेजारी मांडताना तसे लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. डेटाबेस चालवणार असाल, तर प्रत्येक लेखनानंतर एफसिंक (डेटा खरोखर ड्राइव्हवर पक्का झाल्याची खात्री करणारी आज्ञा) करणारी फेरीही घ्यावी. ड्राइव्हमध्ये वीज जाण्यापासून संरक्षण नसेल, तर इथे वेग कोसळलेला दिसतो.

टीएलसी ड्राइव्हची (एका पेशीत तीन बिट साठवणारी) एसएलसी कॅश, म्हणजे पेशीत एकच बिट ठेवून वेगाने लिहिला जाणारा तात्पुरता भाग, भरली की लेखन एकदम खाली येते. म्हणून फेरी आकारापेक्षा वेळेवर बांधावी आणि दर सेकंदाचा वेग नोंदवावा. दोन फेऱ्यांमध्ये ड्राइव्ह थंड होऊ द्यावी. तापमान ड्राइव्हच्या स्मार्ट (SMART, स्वतःची प्रकृती सांगणाऱ्या) नोंदीत दिसते.

प्रत्येक चाचणी किमान पाच वेळा करून मध्यक घ्यावा आणि सरासरी विलंबाबरोबर ९९ व्या शतमकाचा विलंबही (ज्याच्या आत ९९ टक्के विनंत्या पूर्ण होतात तो) लिहावा. कर्नलची आवृत्ती आणि माउंटचे पर्याय त्याच तक्त्यात नोंदवावेत. एकाच फाइल सिस्टीमच्या पाच फेऱ्यांमध्ये जेवढी तफावत दिसते, तिच्याहून दोन फाइल सिस्टीममधला फरक लहान असेल, तर एकीला वेगवान म्हणू नये.