तीन तासांचं क्लायंट शूट आणि सोबत कोणी नाही, मग आधी काय काय तयार ठेवायचं

तीन तास, एक कॅमेरा, दोन लेन्स, एक फ्लॅश, आणि मदतीला झालं तर एखादं माणूस, अशीच कामं माझ्याकडे जास्त येतात. त्यातून एक पक्कं कळलंय की फोटो काढण्यात वेळ जातच नाही, तो जातो लाईट इकडून तिकडे हलवण्यात, माणसं गोळा करण्यात आणि "आता पुढे काय घ्यायचं" यात. म्हणून तयारी करायची ती हे तीन खड्डे बुजवायला.

सगळ्यात आधी क्लायंटला फोन करा, मेसेज नको, फोनच. पहिला प्रश्न, फोटो लावणार कुठे? वेबसाईटच्या बॅनरला आडवा लागतो आणि वर मजकूर येणार म्हणून एका बाजूला मोकळी जागा लागते, इन्स्टाग्रामच्या पोस्टला ४:५ उभा, स्टोरीला ९:१६, आणि हे आधी विचारलं नाही की सगळे आडवे काढून घरी येतो आणि मग क्रॉप करताना कोणाचं डोकं जातं, कोणाचा हात जातो. दुसरा प्रश्न, जागेवर "हा ओके" कोण म्हणणार? एकाच माणसाचं नाव घ्या आणि तो पूर्ण वेळ तिथे असेल हे कबूल करून घ्या. मग शॉट लिस्ट मागवा, आणि कुठले फोटो पाहिजेच पाहिजेत आणि कुठले जमले तर, ही खूण क्लायंटकडूनच करून घ्या, आपण अंदाजाने करायची नाही.

लिस्ट आली की ती तशीच्या तशी वापरू नका, लाईटप्रमाणे परत लावा, म्हणजे एकाच लाईटच्या मांडणीत निघणारे फोटो एकत्र. माझ्या मते निम्मं शूट इथेच होतं. समजा १५ जणांचे हेडशॉट (डोकं-खांद्यापर्यंतचे फोटो), एक ग्रुप, थोडे काम करतानाचे फोटो आणि चार प्रॉडक्ट आहेत. मी १८० मिनिटं अशी वाटतो: मांडायला ३०, हेडशॉटला माणशी ४ म्हणजे ६०, सेटअप बदलायला २०, ग्रुप आणि कामाचे मिळून ३०, प्रॉडक्ट २०, आणि उरलेली २० कोणालाच द्यायची नाहीत, ती उशिरा येणाऱ्यांची. माणसं आधी, वस्तू शेवटी, कारण बाटलीला मीटिंग नसते.

जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा, जमलं नाही तर क्लायंटकडून त्या वेळेचा फोनवर काढलेला व्हिडिओ मागवा, चारही भिंती, खिडक्या, छत, प्लग पॉइंट सगळं दिसेल असा. छत पांढरं आणि बुटकं असेल तर फ्लॅश वर मारून बाउन्स करता येतो, म्हणजे उजेड छतावर आपटून खाली पसरतो, एका फ्लॅशमध्ये अख्खी खोली निघते. खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) आणि पिवळे बल्ब ३००० च्या आसपास, दोन्ही एकत्र चेहऱ्यावर पडले की एक गाल निळा, एक पिवळा, आणि ते एडिटिंगला रडवतं, तेव्हा एक काहीतरी बंद करायचंच. ट्यूबलाईट बंद करू देत नसतील तर ५० हर्ट्झच्या विजेवर शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर फ्रेममध्ये पट्टे येतात किंवा प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा.

सामान थोडंच, पण एकावर अवलंबून राहायचं नाही. दोन चार्ज बॅटऱ्या, दोन कार्ड (२४ मेगापिक्सेलची रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाईल साधारण २५ ते ३० एमबी, म्हणजे ६४ जीबीत दोन हजारांच्या आसपास बसतात, भरपूर झालं), एक्स्टेंशन बोर्ड, चिकटपट्टी, क्लॅम्प, सेफ्टी पिना, टिश्यू, आणि एक पांढरा थर्माकोल, जो खिडकीच्या समोरच्या बाजूला धरला की चेहऱ्याची काळी बाजू उघडते आणि दुसऱ्या लाईटचा खर्च वाचतो. ट्रिगरचे (कॅमेऱ्यावरून लांबचा फ्लॅश उडवणारी डबी) सेल वेगळे मोजा. एकदा कॅमेरा, फ्लॅश सगळं चार्ज होतं आणि ट्रिगरमधले दोन बारीक सेल उतरलेले, लोक रांगेत उभे आणि मी सेल शोधत फिरतोय, तेव्हापासून ते सेल आदल्या रात्री बदलूनच झोपतो.

ज्यांचे फोटो आहेत त्यांना दोन दिवस आधी छोटा मेसेज पाठवायला क्लायंटला सांगा, नाव आणि वेळ, शिवाय बारीक रेघांचे शर्ट नकोत (कॅमेऱ्यात त्यावर लाटा दिसतात). चष्मेवाल्यांना चष्मा काढायला लावू नका, त्यांची ओळखच ती असते, लाईट थोडा वर आणि बाजूला घ्या, काचेवरची चमक जाते.

पोचल्यावर पहिली टेस्ट स्वतःवर किंवा जो समोर दिसेल त्याच्यावर, आणि एक्सपोजर (फोटोत किती उजेड येतो ते) जमलं की कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून, म्हणजे सेटिंग आपोआप बदलणार नाही, जमिनीवर पावलांच्या जागी चिकटपट्टीचे दोन तुकडे मारा. ही एवढीशी पट्टी फार काम करते, प्रत्येक जण येऊन तिथेच उभा राहतो, लाईटपासूनचं अंतर तेच राहतं, आणि तुम्हाला सेटिंगकडे न बघता त्या माणसाशी बोलता येतं. चार मिनिटांतली पहिली दोन गप्पांनाच द्या, खांदे खाली आले की मग क्लिक.

स्टँड उतरवायच्या आधी त्या एका "ओके"वाल्या माणसाबरोबर लिस्ट वाचा, पाहिजेच पाहिजेवाला प्रत्येक फोटो स्क्रीनवर झूम करून डोळे फोकसमध्ये आहेत ना बघा, राहिलेला असेल तर आत्ताच घ्या. मग तिथेच लॅपटॉपवर कॉपी, घरी दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि दोन्हीकडच्या फाईल उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.