एक्सेल गपचूप चुकतं तेव्हा: या चुका टाळा

सेलमध्ये एररचा संदेश झळकला की लोक दचकतात. खरं तर तो बरा, निदान काहीतरी बिनसलंय हे कळतं. खरा घात करतात त्या चुका, ज्यांत उत्तर येतं, नीटनेटकं दिसतं आणि साफ चुकीचं असतं. यातल्या बऱ्याचशा फॉर्म्युला लिहिण्याआधीच, डेटा आणताना झालेल्या असतात.

बेरीज कमी येते, ही नेहमीची तक्रार. समजा एका कॉलममध्ये १२००, ८५० आणि ४०० आहेत आणि ऑटोसम १६०० दाखवतंय. म्हणजे ८५० हा आकडा नसून टेक्स्ट आहे, आणि सम फंक्शन टेक्स्ट मुकाट्याने सोडून देतं. तो आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसेल. पण कुणी आधीच सगळं मधोमध करून ठेवलं असेल तर ही खूणही जाते. अशा वेळी कॉलम सिलेक्ट करा आणि खालच्या स्टेटस बारवर राइट क्लिक करून 'काउंट' आणि 'न्यूमरिकल काउंट' दोन्ही चालू करा. एक ३ आणि दुसरा २ दाखवत असेल तर चोर सापडला. डेटा टॅबमधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडून थेट 'फिनिश' दाबलं की बहुतेक वेळा आकडे ताळ्यावर येतात. तरीही आले नाहीत, तर वेबपेजवरून कॉपी करताना सोबत आलेली न तुटणारी स्पेस तपासा. ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण जास्तीच्या स्पेस काढणाऱ्या ट्रिम फंक्शनने जात नाही. सेलमधून तीच स्पेस कॉपी करा, कंट्रोल-एच दाबून 'फाइंड'मध्ये पेस्ट करा आणि 'रिप्लेस' रिकामं ठेवा.

याच्या उलटही होतं. ००४२ हा कोड टाकला की ४२ उरतो. १६ अंकी नंबरचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे १५ अंकच राखतं. नंतर फॉरमॅट बदलून गेलेला अंक परत येत नाही, म्हणून कॉलम आधी टेक्स्ट करा, मग टाइप करा. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडू नका. 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने आणा आणि तिथेच कॉलमचा प्रकार टेक्स्ट ठरवा. ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही, तो नंबर टेक्स्टच असावा.

३-४ लिहिलं की तारीख होते, हा त्याच खोडीचा भाऊ. जीवशास्त्रज्ञांना तर मार्च१, सेप्ट१ असली जनुकांची नावंच २०२० मध्ये बदलावी लागली! नव्या आवृत्त्यांत ऑप्शन्समधल्या 'डेटा'खाली हे आपोआप होणारं रूपांतर बंद करता येतं.

देवनागरी मजकूर सीएसव्हीमध्ये ठेवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात आणि मूळ मजकूर त्या फाइलमधून कायमचा जातो.

व्हीलूकअप, म्हणजे तक्त्यातून हवी ती नोंद शोधून आणणारं फंक्शन, त्याचा चौथा भाग रिकामा सोडणं ही माझ्या मते सगळ्यांत महागडी सवय. तो सोडला की एक्सेल जवळपासची नोंद चालवून घेतं आणि भलत्याच माणसाची रक्कम भलत्याच नावापुढे येते. तिथे फॉल्स लिहा, किंवा एक्सलूकअप असेल तर तेच वापरा. ते मुळातच तंतोतंत जुळणी शोधतं.

आकडे बदलूनही उत्तर हलत नसेल तर 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' मॅन्युअलवर, म्हणजे सांगितल्याशिवाय गणित न करण्यावर, गेलंय का बघा. तुम्ही हात लावलेला नसतो. आधी उघडलेल्या दुसऱ्या कुणाच्या फाइलबरोबर ते येतं.

आणि जुना एक्सएलएस फॉरमॅट सोडा. त्यात ६५,५३६ ओळीच मावतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. जुन्या फॉरमॅटच्या याच मर्यादेमुळे २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर आकडेवारीत आल्याच नाहीत.